हाकेला ओ

यंत्राने माझ्या बायकोला ओळखलं नाही, ही गोष्ट मी दोन-चार जणांना तोंडी सांगून पाहिली. ऐकणारा अर्ध्यावर हसतो, मग मीही सांगायचं थांबवतो. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा. नगर वाचनालयात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि तिथे न बोलणं हाच नोकरीचा भाग होता. म्हणून लिहून ठेवतो आहे. लिहिताना निदान खोडता येतं.

गोष्ट २०३९ सालच्या नोव्हेंबरची. नगरपालिकेची निवडणूक जानेवारीत होती. त्याआधी नव्या यंत्राची रंगीत तालीम म्हणून सगळ्या मतदारांना आपापल्या केंद्रावर बोलावलं होतं. आमचं केंद्र कन्या शाळेत. यंत्राचं सरकारी नाव ‘स्वनाम प्रचिती प्रणाली’. ते कोणाच्याच तोंडात बसेना, म्हणून गाव त्याला ‘हाक’ म्हणू लागलं. कपाळावरून एक पट्टी बांधायची, कानात बोंडं घालायची आणि दीड मिनिट गप्प बसून नावं ऐकायची. हिरवा दिवा लागला की पलीकडच्या खोलीत जाऊन मत द्यायचं.

मला हिरवा लागला. माझ्यानंतर ही बसली. दीड मिनिटाने लाल लागला. केंद्रावरच्या मास्तरांनी पट्टी ओली करून पुन्हा बांधली. पुन्हा लाल. पडद्यावर जे उमटलं ते मास्तरांनी मोठ्याने वाचलं, “ही व्यक्ती मृण्मयी मुरलीधर झोपे नाही.”

“मग कोण आहे मी?” हिने विचारलं.

“ते यंत्र सांगत नाही, काकू.”

“काकू कोणाला म्हणतोस? तू अठरा वर्षांचा झालास तेव्हा तुझा मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म कोणी भरला होता?”

“तुम्हीच, ताई.”

“आणि तुझ्या आईचा?”

मास्तर पट्टी पुसू लागले. ही तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, आणि त्यातली वीस वर्षं मतदारयादीचं काम तिच्या गळ्यात होतं. उन्हातान्हात घरोघरी जाऊन तिने या वॉर्डाची यादी केली आहे. दारात उभी राहिलेली बाई ‘लिहा, भास्करची आई’ असं म्हणाली की ही वही मिटून घ्यायची. “भास्करची आई मत देणार नाही. तुमचं नाव सांगा.” देशाच्या पहिल्या निवडणुकीत लाखो बायकांची नावं अशीच यादीतून गळली होती, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. हे मी एका पुस्तकात वाचलं आणि हिला सांगितलं. त्यानंतर हिने ते प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. १९८९ पासून हिचं एकही मतदान चुकलेलं नाही. आमची मुलगी पोटात होती, नववा महिना होता, तेव्हाही रांगेत उभी राहिली होती.

त्या दिवशी ही घरी आलीच नाही. शाळेच्या पायरीवर पेन्सिल घेऊन बसली आणि पाच वाजेपर्यंत मोजत राहिली. पुरुष पाचशे दहा, त्यांत लाल चार. बायका चारशे ऐंशी, त्यांत लाल एकशे सदतीस. एकशे सदतीसांपैकी पन्नाशीच्या आतल्या फक्त सहा.

“एकशे सदतीस बायका आपण स्वतः नाहीत,” ती मला म्हणाली. “आणि त्या रांगेत कोणी ओरडलंसुद्धा नाही. ‘नसेल आमचं बरोबर,’ असं म्हणून घरी गेल्या.”

यंत्राचं शास्त्र आम्हाला रेहाना तडवीने समजावलं. रेहाना म्हणजे तालुक्याला नेमलेली यंत्राची इंजिनिअर. शाळेत असताना सुट्टीभर माझ्या वाचनालयात बसायची, त्यामुळे घरी यायला तिला संकोच नव्हता.

“काका, लग्नात शंभर जण बोलत असतात, आपल्याला त्यातलं काही कळत नाही. पण कोणी कोपऱ्यात आपलं नाव घेतलं तर मान वळते. का वळते? कारण आपला मेंदू सगळंच ऐकत असतो, फक्त आपल्याला कळवत नाही. नाव आलं की कळवतो. नाव कानावर पडल्यापासून सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात माथ्यावर विजेची एक बारीक लाट उठते. ती कोणाला मुद्दाम उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही. झोपलेल्या माणसाच्या मेंदूतही ती सापडते.”

“यांच्यात तपासून बघ,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. “यांचं आडनावच झोपे आहे.”

यंत्र सहा नावं ऐकवतं, रेहाना सांगू लागली. पाच परकी, एक यादीतलं. प्रत्येक नाव पंधरा वेळा, क्रम उलटसुलट करून. एका वेळची लाट इतर गडबडीत हरवून जाते, पंधरा वेळांची सरासरी काढली की वर येते. यादीतल्या नावाला लाट आली तर माणूस खरा. शेतात राबून बोटांचे ठसे झिजतात, मोतीबिंदूनंतर डोळ्यांची ओळख पटत नाही, चेहरे आणि आवाज तर आता कोणीही फोनवर बनवतो. पण हाक आतून येते.

“चोख काम आहे,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

“चोख आहे, काका. बारा हजार लोकांवर तपासलं होतं. कॉलेजची मुलं, मुली, जवान, बँकेतले लोक.” मग ती म्हणाली, “लग्नात नाव बदललेल्या बायका त्यात किती होत्या, ते कोणी मोजलं नव्हतं.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसील कचेरीत गेलो. खिडकीवर खैरनार नावाचे कारकून होते. माणूस वाईट नाही, फक्त एकाच दिवशी साठ बायकांना तेच उत्तर देऊन त्यांचा आवाज बसला होता.

“तीन मार्ग आहेत, भाऊ,” ते मला म्हणाले.

“मला सांगा,” ही म्हणाली. “मत माझं आहे.”

खैरनारांनी मान तिच्याकडे वळवली. “एक, सहायक मतदान. म्हणजे काकांनी पट्टी लावायची, काकांना हिरवा लागतो ना, आणि तुमच्या वतीने बटण काकांनीच दाबायचं. सगळ्यात सोपं. पुष्कळ जणी तेच घेताहेत.”

“म्हणजे यांना दोन मतं आणि मला शून्य.”

“तसं नाही हो, तुम्ही सांगाल तेच ते दाबणार.”

“मी काय दाबणार ते मी यांना पन्नास वर्षांत सांगितलेलं नाही. दुसरा मार्ग सांगा.”

“दोन, नामसराव. एक यंत्र घरी देतो. रोज दोन तास यादीतलं नाव ऐकायचं, एकवीस दिवस. मेंदूला सवय लागते म्हणे. तीन, नाव दुरुस्ती. तो अर्ज वेगळा.”

तो अर्ज त्यांनी खिडकीतून सरकवला. नाव बदलण्याचं कारण एका चौकटीत टिकमार्क करून सांगायचं होतं. चौकटी तीन: विवाह, घटस्फोट, लेखनदोष. घटस्फोटाला न्यायालयाचा हुकूम जोडायचा. विवाह कायम असताना बाईला जुनं नाव परत हवं असेल, तर पतीचं ना हरकत पत्र.

हिने अर्ज वाचला, घडी घातली आणि खैरनारांना परत दिला. “नामसरावच द्या.”

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. नाव बदलायचं म्हटलं की ते कोणी ठेवलं हा प्रश्न येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटत होतं.

नामसराव म्हणजे डाळिंबाएवढी एक डबी. तिच्यातून एक गोड आवाज सावकाश म्हणायचा, “मृण्मयी. मृण्मयी मुरलीधर झोपे.” सकाळी एक तास, दुपारी एक तास. ही भाजी निवडायची आणि डबी नाव घ्यायची. तिसऱ्या दिवशी हिने तिला उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी मी खोलीत गेलो तर ही डबीशी बोलत होती. “ऐकलं, बाई. एकदा ऐकलं. ती घरात नाही.” आठव्या दिवशी मुलीचा फोन आला. मागून सतत येणारा आवाज ऐकून तिने विचारलं, “आई, ही मृण्मयी कोण?” मग तिची तीच ओशाळून हसली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव मृण्मयीच आहे. पण एवढ्या वर्षांत ते कोणी उच्चारलेलं तिने ऐकलं नव्हतं.

बाराव्या दिवशी रेहाना घरी पट्टी घेऊन आली. चाचणी घेतली. रेघ सपाट होती. सहाही नावांना सारखीच.

“असं व्हायला नको,” रेहाना म्हणाली. “काकी, तुम्हाला या नावाने कोण कोण हाक मारतं?”

“अंगणवाडीत ताई. मीटिंगला झोपेताई. शेजारी काकू. सासूबाई सूनबाई म्हणायच्या, मृण्मयी म्हणताना त्यांची कवळी हलायची.”

“आणि काका?”

हिने माझ्याकडे पाहिलं.

“मी ‘अगं’ म्हणतो,” मी म्हणालो.

“नाव घेऊन नाही?”

“आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती.” हे खोटं होतं. आमच्या वेळी पुष्कळ जण नाव घेऊन हाक मारायचे. मलाच जमलं नाही. सुरुवातीला घरात माणसं होती म्हणून, आणि नंतर सुरुवात कुठून करायची ते कळेना म्हणून.

रेहानाला गंमत वाटली. तिने माझा आवाज टिपून घेतला, त्यात पाच परक्या हाका मिसळल्या आणि यंत्र लावलं. ‘अगं’ला लाट आली. चांगली ठसठशीत. रेहाना टाळ्या वाजवणार होती, पण हिचा चेहरा पाहून तिने हात मांडीवर ठेवले.

“यादीत ‘अगं’ असं घालता येईल का?” ही म्हणाली. “अगं मुरलीधर झोपे. अर्ध्या तालुक्याचं काम होईल.”

मग रेहानाने जे विचारायचं होतं ते विचारलं. “काकी, माहेरचं नाव काय होतं?”

“गिरणा.”

तिने ते यंत्रात टाकलं. यंत्रातला बाईचा कोरडा, परका आवाज म्हणाला, शकुंतला, हेमलता, गिरणा, वत्सला, गिरणा. मी पडदा पाहत होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण रेघेतला डोंगर कळतो. रेहानाने दोनदा मोजमाप तपासलं. “इतकी उंच मी कोणाची पाहिली नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “शेवटचं कोणी कधी म्हटलं होतं हे?”

“माझे वडील,” ही म्हणाली. “दोन हजार चारमध्ये गेले.” तिने पट्टी काढली, नीट गुंडाळली आणि चहा ठेवायला गेली.

आता मला सांगायलाच हवं. हिचे वडील शंकर भिरूड पाटबंधारे खात्यात होते. गिरणा धरणाचं काम चालू होतं, तेव्हा तिथल्या वसाहतीत हिचा जन्म झाला, म्हणून त्यांनी नदीचं नाव मुलीला ठेवलं. १९८६ साली आमचं लग्न ठरलं. मी वाचनालयात ते नाव सांगितलं, तर आमचा एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, “काय झोपे, पिठाची गिरणी आणताय होय घरात?” लोक हसले. वाचनालयात इतका मोठा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता. मला रात्रभर, आठवडाभर तो ऐकू येत राहिला. मग मी शब्दकोश घेऊन बसलो. तीन आठवडे शोधून ‘मृण्मयी’ काढलं. मृण्मयी म्हणजे मातीची. तो शब्द मला फार सुंदर वाटला होता. नदीच्या मुलीला आपण मातीची करतो आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने त्यांत ते नाव लिहिलं. जोडाक्षर तांदळात नीट उमटेना, म्हणून दोनदा लिहावं लागलं. सगळ्यांना पेढे वाटले. हिने मान वर करून ते वाचलं आणि पुन्हा खाली घातली.

रेहाना गेल्यावर मी हिला म्हणालो, “मी ना हरकत लिहून देतो.”

“नको.”

“अगं, त्याशिवाय होणार नाही.”

“माझ्या नावाला तुमची हरकत नाही, असं तुम्ही सरकारला लिहून देणार. खरं सांगा, हरकत होती की नव्हती?”

“होती,” मी म्हणालो.

“मग खोटं कशाला लिहिता? आणि मी ते मागायला तुमच्यापुढे उभी राहू? वीस वर्षं मी दारोदार बायकांना सांगत फिरले, तुमचं नाव तुमचं असतं. घरी येऊन नवऱ्याची परवानगी जोडू?”

“मला तेव्हा कळलं नाही. तू काही म्हणाली नाहीस.”

“मला कोणी विचारलं नव्हतं. तांदूळ मात्र माझ्याकडेच दिले, निवडून ठेव म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात मीच केला.” तिने डबी उचलून माझ्यासमोर ठेवली. “हिला परत करून या. ती आणि मी एका घरात राहू शकत नाही.”

मतदानाला पाच आठवडे होते. दुरुस्तीचे अर्ज घेण्याचे आठ दिवस. ना हरकत नाही, तर दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, तर मत नाही, किंवा मग बटण मी दाबणार. ही सहायक मतदान कधीच घेणार नाही, हे मला माहीत होतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती मतदानाला जाणार नव्हती, आणि त्याला कारण एका हशाला घाबरलेला मी.

मला भांडता येत नाही, पण वाचता येतं. मी रेहानाकडून नियमांचं पुस्तक आणलं. चौसष्ट पानं, बारीक टाइप. अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांना ती कोणी वाचेल असं वाटत नसावं. दोन दिवसांत मी ते पाठ म्हणता येईल इतकं वाचलं. एकेचाळिसाव्या पानावर तळटीप होती: ‘लेखनदोषाच्या बाबतीत, ज्या लेखकाच्या हातून दोष घडला त्याचे निवेदन व मूळ नावाचा एक पुरावा पुरेसा समजावा. अन्य कोणाच्याही संमतीची आवश्यकता नाही.’

मी तळटीप हिला दाखवली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

“ही परवानगी नाही,” मी म्हणालो. “हा कबुलीजबाब आहे.”

ती आत गेली आणि आपली दहावीची गुणपत्रिका घेऊन आली. गिरणा शंकर भिरूड, गणितात एक्क्याण्णव. मला ते गुणही माहीत नव्हते.

“मधलं नाव काय ठेवायचं?” मी अर्ज भरताना विचारलं.

“मुरलीधर राहू दे. नाहीतर तुम्हाला काहीच उरणार नाही.”

खैरनारांनी अर्ज वाचला आणि मला आत खुर्चीवर बसवलं. पुढे माझ्यासारख्या माणसाच्या हातून जे घडलं, त्यावर माझाच विश्वास बसत नाही.

“भाऊ, लेखनदोष म्हणजे आमच्या ऑपरेटरने वेलांटी चुकवली तर.”

“नियमात ऑपरेटर असं नाही. ‘लेखक’ आहे. लेखक मी.”

“तुम्ही कुठे लिहिलं होतं हे?”

“तांदळात. ताटातल्या. लग्नाच्या दिवशी.”

खैरनारांनी पेनाचं टोपण लावलं. “मूळ प्रत जोडावी लागते.”

“तिचा भात झाला.”

शेजारच्या टेबलावरच्या बाई तोंडाला रुमाल लावून हसू लागल्या. सगळी कचेरी ऐकत होती. माझे कान तापले. तो जुना हशा मला पुन्हा ऐकू येईल असं वाटलं आणि खरोखरच ऐकू आला. पण मी खुर्चीवरून उठलो नाही.

“साहेब, मी निवेदनात लिहिलं आहे ते वाचा.”

त्यांनी वाचलं. मी लिहिलं होतं, ‘दि. ४ मे १९८६ रोजी ताटात नाव लिहिताना माझ्या हातून चूक झाली. बरोबर नाव मला माहीत होते. ते न लिहिता मी दुसरे लिहिले. ही चूक पुढे सर्व सरकारी कागदांवर गेली. ती दुरुस्त व्हावी.’

खैरनारांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “माझी आईही लाल आहे. घरी म्हणते, जाऊ दे रे, माझ्या मताने काय अडलंय. तिचं माहेरचं नाव काय ते मलाही माहीत नाही, भाऊ. कधी विचारलंच नाही.” त्यांनी शिक्का उचलला. “चौकटीत टिकमार्क आहे, निवेदन आहे, पुरावा आहे. यंत्राला एवढंच दिसतं. पण वर कोणी विचारलं, तर मी तांदळाचं काही ऐकलेलं नाही.”

मला वाटलं, झालं काम. घरी येऊन मी पोच हिच्या हातात दिली, तर तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, “उरलेल्या एकशे छत्तीस?”

अर्जांना सहा दिवस उरले होते. तेवढ्यात जुनी वही काढून ही पुन्हा दारोदार फिरली. मी मागे पिशवी घेऊन. बायकांपेक्षा नवऱ्यांना पटवणं कठीण गेलं, कारण चूक त्यांनी लिहून द्यायची होती. एक गृहस्थ म्हणाले, ना हरकत हवी तर दहा देतो, पण माझी चूक झाली हे लिहून देणार नाही. सहायक मतदानाचं बटण दाबायला मात्र ते तयार होते. ज्यांचे नवरे वारले होते, त्यांच्या चुका कोणी कबूल करायच्या, याचं उत्तर चौसष्ट पानांत कुठेच नव्हतं. मुदत संपेपर्यंत बावीस अर्ज झाले. बाकीच्या तशाच राहिल्या.

जानेवारीत मतदानाच्या दिवशी ही सकाळी सात वाजता पहिली होती. तेच मास्तर, तीच पट्टी. मी दाराबाहेर उभा होतो. दीड मिनिट फार मोठं असतं. हिरवा दिवा लागला. मास्तर वाचून म्हणाले, “गिरणा मुरलीधर झोपे, पुढे जा.” तिने आत जाऊन मत दिलं आणि शाई लावलेलं बोट दाखवत बाहेर आली. कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मला वाटलं आता घरी जाऊ. पण आठ वाजल्यापासून लाल दिवे सुरू झाले. एकामागून एक बायका बाहेर येत होत्या, पदर सारखा करत होत्या आणि मुकाट्याने फाटकाकडे निघत होत्या. कोणी नवऱ्याला म्हणत होती, तुम्हीच दाबा माझं. ही पायरीवर उभी राहून ते पाहत होती. तिचा चेहरा असा झाला होता की मी दोन पावलं मागे सरलो.

“विधानसभा कधी आहे?” तिने विचारलं.

“ऑक्टोबरात.”

“मास्तर,” तिने आत बघून आवाज दिला, “शंभर मीटरच्या रेघेपलीकडे एक बाक लागेल.”

रेघेपलीकडे, शाळेच्या पटांगणाच्या कडेला चिंचेखाली बाक आलं. मला त्यावर बसवलं, पुढच्या यादीचे कोरे अर्ज हातात दिले आणि ही फाटकाजवळ उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लाल बाईला अडवून ती बाकाकडे पाठवू लागली. ज्यांचे नवरे नव्हते, त्यांच्यासाठी आम्ही निवेदनात लिहू लागलो, ‘लेखक हयात नाही. दोष हयात आहे.’ ते चालेल की नाही मला माहीत नाही. बहुधा परत येईल. हिचं म्हणणं, परत आलं की पुन्हा पाठवू.

“नाव?” मी विचारायचो.

“यादीतलं सांगू का?”

“नाही. तुमचं.”

प्रत्येक बाई इथे जरा थांबायची. काही जणी आधी इकडेतिकडे बघायच्या आणि मग वाकून सांगायच्या. यमू. कडू. साळू. एकीला आपलं नाव आठवायला इतका वेळ लागला की मागची रांग गप्प झाली. अकराच्या सुमारास बाकाभोवती पंचवीस-तीस बायका असतील, फाटकापर्यंत तेवढ्याच, आणि माझ्याजवळचे अर्ज संपले.

हिला सांगायला हवं होतं. ती फाटकाकडे तोंड करून एका रिक्षावाल्याशी वाद घालत होती. मी उभा राहिलो आणि नेहमीच्या सवयीने ओरडलो, “अगं.”

पटांगणातल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. एकजात सगळ्यांनी. हिची पाठ तशीच राहिली.

माझ्याकडे रोखलेली इतकी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. खाली बसावं असं वाटलं. मग मी तिचं नाव घेतलं. पहिल्यांदा ते इतकं हळू आलं की मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने घेतलं.

“गिरणा.”

एकच मान वळली.

“ओ,” ती म्हणाली, आणि तिथूनच माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून वैतागून पुढे म्हणाली, “फॉर्म संपले असतील तर शाळेमागे झेरॉक्स आहे. उभे काय राहिलात? जा ना.”